पन्हळी रस्ता

रस्ता हा आपल्या मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. हवापाणी झाले, राजकारण झाले, मुलांच्या नोकऱ्या झाल्या की बैठकीतल्या गप्पा हमखास रस्त्यावर येतात. आणि रस्त्यावर आल्या की खड्ड्यात जातात. मी छत्तीस वर्षे रस्ते बांधण्याच्या सरकारी नोकरीत काढली. त्यामुळे अशा वेळी मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्यावरून कुणालाही वाटावे की गावातला प्रत्येक खड्डा मी स्वतः कुदळ घेऊन खणला आहे. मी हसतो आणि चहा पितो. खड्ड्याचा बचाव करता येत नाही.

पण या खड्ड्याला एक चुलतभाऊ आहे. त्याची आपल्या शहरी वाचकांना फारशी ओळख नसेल. खड्डा एकटा असतो. तो दिसतो, तो चुकवता येतो, आणि नाहीच चुकला तर एक सणसणीत शिवी हासडून माणूस पुढे जातो. या चुलतभावाचे तसे नाही. पडवीवर घालतात तो पन्हळी पत्रा डोळ्यांपुढे आणा. उंचवटा, घळ, पुन्हा उंचवटा, पुन्हा घळ. आता तो पत्रा रस्त्यावर आडवा अंथरला आहे आणि संपतच नाही अशी कल्पना करा. डांबर नसलेल्या मातीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर मोटारी धावू लागल्या की काही आठवड्यांत असा पत्रा आपोआप तयार होतो. दोन उंचवट्यांत अंतर असते साधारण हातभर ते दोन हात. उंची जेमतेम दोन-तीन बोटे. पायी चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. मोटारीतल्या माणसाची मात्र बत्तिशी वाजू लागते.

हा चुलतभाऊ मला त्याच्या पूर्ण वैभवात भेटला तो ऑस्ट्रेलियात, २०१७ च्या जुलै महिन्यात. माझा एकुलता एक मुलगा २००८ साली ॲडलेडला नोकरीसाठी गेला. त्याच वर्षी मी सेवानिवृत्त झालो. पत्नी गेल्यावर तीन वर्षांनी, ‘बाबा, आता तरी या’ या त्याच्या आग्रहाला मी मान दिला. मुलाला वाटले, बापाने जन्मभर रस्ते बांधले. त्याला समुद्रकिनारे आणि प्राणिसंग्रहालये काय दाखवायची? त्याला एक खरा रस्ता दाखवावा. म्हणून मुलगा, सूनबाई, सात वर्षांची नात आणि मी असे चौघे त्याच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या जपानी गाडीतून उत्तरेला निघालो. आमचा बेत ऊदनादत्ता ट्रॅक पार करण्याचा होता. मारी या गावापासून मार्ला या ठिकाणापर्यंतचा हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत वस्ती म्हणावी अशी ठिकाणे दोनच, विल्यम क्रीक आणि ऊदनादत्ता. प्रत्येक टप्पा सुमारे दोनशे किलोमीटरांचा. म्हणजे पुण्याहून निघून कोल्हापूर जवळ येईपर्यंत मध्ये सातारा नाही, कऱ्हाड नाही, चहाची टपरीसुद्धा नाही!

ॲडलेडपासून मारी सुमारे सहाशे किलोमीटर. तिथे पोहोचल्यावर मुलाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, खिशातून हवा मोजण्याचे यंत्र काढले आणि चाकाशी उकिडवा बसला.

“पंक्चर?” मी विचारले.

“नाही बाबा. हवा सोडायचीय. चाळीस पौंडांवरून सव्वीसवर आणायची.”

माणसे प्रवासाला निघताना हवा भरून घेतात. हा सोडत होता. पण त्याचे बरोबर होते. टायर टणक फुगलेला असला की प्रत्येक उंचवट्याचा ठोसा जसाच्या तसा गाडीला देतो. हवा थोडी कमी केली की तो उंचवट्यावरून जाताना दबतो, ठोसा पोटात घेतो आणि जमिनीला अधिक रुंद चिकटून राहतो. मात्र नरम टायर लवकर तापतो, म्हणून त्यानंतर वेग आवरता घ्यावा लागतो. नुसती हवा सोडून भागत नाही. जरा घाईही सोडावी लागते.

चार टायरांची हवा सोडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. सूनबाई नातीला घेऊन गाव पाहायला गेल्या होत्या. मी मुलाशेजारी उभा राहून फुस्स आवाज ऐकत होतो. दुसरे चाक संपवून तिसऱ्याकडे जाताना, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “बाबा, पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. मी तो नवा करून घेणार नाही. इथल्या नागरिकत्वाचा अर्ज केलाय.”

आपल्या देशाच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचे घेतले की आपला पासपोर्ट परत करावा लागतो. हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होते. मी म्हणालो, “या चाकात अजून तीस दिसताहेत.” तो म्हणाला, “हो.” आणि आम्ही चौथ्या चाकाकडे गेलो.

मारी हे गाव मोठे विलक्षण आहे. मोटारी येण्यापूर्वी या वाळवंटात ओझी वाहिली ती उंटांनी, आणि ते उंट हाकणारी माणसे आली ती आपल्या बाजूची. १८६६ च्या सुमारास कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे राखणदार जहाजाने दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. पुढे शेकड्यांनी आले. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले; पण त्यांत बलुची होते, पंजाबी होते, सिंधीही होते. कराची आणि सिंध १९३६ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यातच होते. तेव्हा त्यांच्यातले काही जण कागदोपत्री तरी आमच्या इलाख्यातले! ते ठरावीक वर्षांच्या कराराने आले. काही परत गेले, काही इथलेच झाले. मारीत रुळांच्या एका बाजूला गोरी वस्ती आणि दुसऱ्या बाजूला हे उंटवाले व इथले मूळ रहिवासी अशी विभागणी होती. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती गावात उभी आहे. १९२० नंतर मोटारी आल्या, उंट मोकळे सोडले गेले, आणि त्यांची लाखांच्या घरातली प्रजा आज या वाळवंटात रानटी हिंडते आहे. उंटाचे पाय मऊ, चाल संथ. त्याने कधी पन्हळ पाडली नाही.

पन्हळ सुरू झाली ती मारी सोडल्यावर थोड्याच वेळात. चारही चाकांना जोर देणारा दांडा मुलाने आधीच ओढला होता. त्याने चाके जागच्या जागी गरगरून माती उकरत नाहीत आणि गाडी सरळ राहते. आणि मग तो आवाज सुरू झाला. त्याला खडखडाट म्हणणे म्हणजे नगाऱ्याला टिचकी म्हणणे. दारे, काचा, चमचे, माझा चष्मा, माझ्या कवळीचा खालचा भाग, सगळे एका सुरात थरथरू लागले. मी मनात हिशेब मांडला. पाऊण मीटरला एक उंचवटा धरला, तर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने प्रत्येक चाकाला सेकंदाला तीस ठोसे बसतात. दोनशे किलोमीटर सगळाच रस्ता असा असता तर अडीच लाखांहून अधिक! हिशेबाचा एक फायदा असतो. तो करत असताना माणसाला दुसरा विचार करावा लागत नाही.

बोलणे अशक्यच होते. खरे सांगायचे तर त्या आवाजाचे मी मनोमन आभार मानले.

या रस्त्यावर वेगाचा मोठा पेच आहे. सावकाश गेले तर चाक प्रत्येक घळीत उतरते, प्रत्येक उंचवट्यावर चढते, आणि हाडे खिळखिळी होतात. वेग वाढवत नेला की एक जागा अशी येते, साधारण साठ ते ऐंशीच्या मध्ये, की चाक एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर तरंगत जाऊ लागते. एकदम शांत वाटते. गाडी जणू गालिच्यावर आली! पण या शांततेची किंमत असते. माथ्यामाथ्यावरून उडणारे चाक बराच वेळ जमिनीला टेकलेलेच नसते. आणि जे चाक टेकलेले नाही ते वळत नाही आणि थांबतही नाही. सरळ रस्त्यावर हे सुख चालते. वळणावर, किंवा अचानक एखादा कांगारू समोर आला, की ते अंगाशी येते. म्हणून जाणता चालक ज्या वेगाने अंग हादरत नाही तो वेग निवडत नाही. गाडी आपल्या हातात राहील तो निवडतो. माझा मुलगा साठवर होता. मी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. पण त्याला ते दिसले नसावे.

दुपारी जेवायला थांबलो तेव्हा डबे उघडले. सूनबाईंनी बेसनाचे लाडू केले होते. त्यांचे आता पुन्हा बेसन झाले होते. चिवड्याचा डबा तर पाहण्यासारखा होता. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि काजू सगळे वर आले होते आणि मीठ-तिखट, बारीक चुरा तळाशी बसला होता. जिन्नस हलवत राहिले की मोठे वर येतात आणि बारीक खाली जातात, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी सिद्ध केले आहे. आपल्या घरातल्या बायकांना डबा हलवण्याच्या अनुभवाने ते पूर्वीपासून माहीत आहे. नात खूष होती. तिला काजू हवे होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या रस्त्याने ते तिच्यासाठी निवडून वर ठेवले होते. पत्र्याचे डबे मात्र सूनबाईंनी जुन्या चादरींच्या घड्यांत गुंडाळून घेतले होते. डबे एकमेकांवर घासत राहिले तर संध्याकाळपर्यंत त्यांना भोके पडतात, असे त्या म्हणाल्या.

आता हा पत्रा रस्त्यावर पडतो कसा, ते सांगतो. कारण या प्रश्नाशी माझे जुने वैर आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. माण तालुक्यात दुष्काळी कामावर रस्ते चालू होते. हजारो माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक बाया, डोक्यावर पदर घेऊन खडी फोडत. त्यांच्या हातांनी झालेला एक मुरमाचा रस्ता माझ्या देखरेखीखाली होता. मुरूम मी स्वतः निवडलेला, पाणी मारलेले, रोलर फिरवलेला. रस्ता असा झाला की पाहत राहावे. पुढच्या वर्षी त्यावर ट्रक आणि एस. टी. सुरू झाली, आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचा पत्रा झाला. गावचे सरपंच मला भेटले. मोठे सौम्य गृहस्थ. म्हणाले, “सायेब, आमी रस्ता मागितला हुता, पत्रा न्हाई.” मागे कुणीतरी मुरूम कुणी खाल्ला तेही बोलले. मुरूम कुणीच खाल्ला नव्हता. पण मग रस्ता असा का झाला, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि माझ्या वरिष्ठांपाशीही नव्हते.

उत्तर खरे म्हणजे त्याआधीच शोधले जाऊ लागले होते. कीथ मॅथर या भौतिकशास्त्रज्ञाने चाके आणि वाळू घेऊन प्रयोग केले आणि १९६३ साली ते एका प्रसिद्ध अमेरिकी मासिकात मांडले. पुढे २००७ साली ताबर्ले, मॉरिस आणि मॅकलवेन या तिघांनी फिरत्या थाळीत वाळू पसरून तिच्यावर एक चाक ठेवले आणि थाळी फिरवली. त्यांना दिसले ते असे. कितीही सपाट केली तरी वाळूत कुठेतरी केसभर उंचसखल असतेच. त्यावरून चाक किंचित उडते, पुढे आपटते, आपटते तिथे थोडी माती खणते आणि खणलेली माती पुढे ढकलते. झाला पहिला उंचवटा. दुसरे चाक त्यावरून उडते आणि आणखी पुढे दुसरा तयार करते. लहानपणी आपण तळ्यावर चपटे दगड फेकून भाकऱ्या काढत होतो, तशाच या भाकऱ्या. पण पाणी पुन्हा सपाट होते, माती होत नाही. या शास्त्रज्ञांना असेही आढळले की यात माती दाबली जाण्याचा दोष नाही, दाणे लहानमोठे असण्याचाही नाही. दोष वेगाचा. एका ठरावीक वेगाखाली चाक फिरवले तर पन्हळ पडतच नाही. त्याच्या वर गेले की पडतेच. आणि रस्त्याच्या हिशेबात तो वेग निघतो ताशी सात-आठ किलोमीटर. म्हणजे बैलगाडीच्या जेमतेम दुप्पट!

हे वाचले तेव्हा मला आमचे सरपंच आठवले. ते हयात नव्हते, नाहीतर मुद्दाम जाऊन सांगितले असते, की दादा, मुरूम चांगला होता. रस्त्याने नुसता त्याच्यावरून जाणाऱ्यांचा वेग लिहून ठेवला होता.

बैलगाड्यांनीही रस्ता लिहिला, पण वेगळ्या लिपीत. शेकडो वर्षे त्याच वाटेने संथ गाड्या गेल्या आणि त्यांनी चाकोरी पाडली. चाकोरी ही वाटेच्या दिशेने जाते. मागून येणाऱ्याला ती धरून ठेवते, रात्री बैल आपसूक घरी नेतात, गाडीवान झोपला तरी चालते. तिच्यातून बाहेर पडणे तेवढे कठीण. पन्हळ ही वाटेला आडवी. पुढे गेलेला आपल्या वेगाने ती पाडून निघून जातो आणि मागून येणाऱ्याला तिचा हिसका बसतो. मागचा वैतागून वेग वाढवतो, कारण वाढवला की त्याचे त्याला बरे वाटते, आणि त्याच्या मागच्यासाठी ती आणखी खोल करून ठेवतो. एकट्यानेच सावकाश जायचे ठरवले तर रस्ता सुधारत नाही. हाडे तेवढी त्याची एकट्याची मोडतात. आम्हां रस्तेवाल्यांच्या हातात उपाय एकच, यंत्राने खरवडून पुन्हा सपाट करणे. आणि तेही घळीच्या तळापर्यंत खरवडले नाही तर तीच पन्हळ त्याच जागी झटपट परत येते.

संध्याकाळी विल्यम क्रीकला पोहोचलो. चार घरे, एक हॉटेल आणि विमाने उतरण्याची धावपट्टी. भोवती ॲना क्रीक नावाचे गुरांचे कुरण आहे. जगात सर्वांत मोठे म्हणतात ते. त्याचा विस्तार आपल्या पुणे जिल्ह्याएवढा आहे. आणि एवढ्या कुरणाचा कारभार मूठभर माणसे पाहतात. वाटेत आम्ही काटी थंडा–लेक एअरच्या दक्षिणेकडचा भाग पाहिला होता. पांढऱ्याशुभ्र मिठाचा तो समुद्र समुद्रसपाटीच्याही सुमारे पंधरा मीटर खाली आहे. तिथे १९६४ साली डोनाल्ड कॅम्पबेल या इंग्रजाने ताशी चारशे मैलांहून अधिक वेगाने मोटार पळवून विक्रम केला होता. मिठाच्या टणक पाठीवर पन्हळ पडत नाही. पण मिठाच्या पाठीवर घरही बांधता येत नाही.

रात्री थंडी मी म्हणत होती. वर चांदणे इतके होते की नातीने मोजायला सुरुवात केली आणि एकशेचाळीसवर तिला झोप आली. मुलगा शेकोटीपाशी बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तोही काही बोलला नाही, मीही नाही. मला माझे वडील आठवत होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात चार एकर कोरडवाहू जमीन होती. १९७२ साली नेमणुकीचा कागद घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “सरकारचे रस्ते बांधशील. घरचा बांध कोण घालणार?” मी उत्तर दिले नाही. चार दिवसांनी ट्रंक घेऊन एस. टी.त बसलो. त्यांचा आवाज चढला नव्हता. पण तो प्रश्न पंचेचाळीस वर्षे माझ्या रस्त्यात आडवा होता, हे मला त्या शेकोटीपाशी स्पष्ट दिसले. तोच प्रश्न, तेवढ्याच सौम्य आवाजात, माझ्या ओठांवर आला होता. मी लाकडे पुढे सारली आणि निजायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, “आज मी चालवतो.” मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि किल्ली दिली. चारही चाकांची गाडी मला नवी नव्हती. माणच्या उजाड माळावर खात्याच्या जीपने मला सगळे शिकवले होते. तरी चिरंजीवांनी सूचना केल्याच. “बाबा, अंगठे चाकाच्या आत ठेवू नका. दगडावर गेली तर चाक हिसका मारून अंगठा मोडतं. आणि घट्ट धरू नका. तिला थोडं इकडंतिकडं जाऊ द्या, ती आपण होऊन सरळ येते.” हे सगळे मला आमच्या जीपच्या ड्रायव्हरने १९७३ साली सांगितले होते. पण मुलाच्या तोंडून ऐकताना मी मान डोलावली. काही गोष्टी दुसऱ्यांदा ऐकाव्यात.

पन्नाशीच्या वेगाने मी निघालो. रस्त्याची कड थोडी बरी असेल तिथे कडेने, मध्य बरा असेल तिथे मध्याने. समोरून गुरांचा अजस्र ट्रक आला की अलीकडेच थांबून त्याचा धुरळा खाली बसू द्यायचा, कारण त्या धुरळ्यात गाडीचा बॉनेटसुद्धा दिसत नाही. तासाभराने मुलगा म्हणाला, “आता थांबू या. शॉकॲब्सॉर्बर तापले असतील.” ते त्या रस्त्यावर उसंत न घेता हजारो ठोसे खात असतात. आतले तेल तापून पातळ होते आणि मग त्यांच्यात दम राहत नाही. त्यावर औषध नाही, नुसते थांबायचे. त्यांना गार होऊ द्यायचे. बिचारे मुके आहेत, सांगत नाहीत, आपण विचारायचे.

आम्ही थांबलो ते आल्जीबकिना पुलाजवळ. जुन्या ‘घान’ रेल्वेचा हा लोखंडी पूल १८९२ साली पुरा झाला. लांबी ५७८ मीटर. त्या ‘अफगाण’ उंटवाल्यांवरूनच या गाडीला ‘घान’ हे नाव पडले असे सांगतात. १९८० साली गाडी बंद झाली, नवी रेल्वे दूर पश्चिमेला गेली. खाली नदीचे रुंद पात्र, त्यात पाण्याचा एक डोह, आणि वर कुठेही न जाणारा, कुठूनही न येणारा एवढा मोठा पूल. मी बांधकामाचा माणूस. खांबाला हात लावून पाहिल्याशिवाय राहवले नाही. जोडकाम अजून पक्के होते.

“आजोबा, ट्रेन नाही तर ब्रिज कशाला ठेवलाय?” नातीने विचारले.

“बघायला,” मी म्हणालो. “कुणीतरी इतक्या लांब येऊन असं काही बांधलं होतं, ते कळायला.”

मुलगा पाण्याकडे पाहत होता. मला वाटते, त्याने ऐकले.

पुढे ऊदनादत्ता लागले. २ जानेवारी १९६० रोजी इथे ५०.७ अंश तापमानाची नोंद झाली होती. ऑस्ट्रेलियाचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही; २०२२ मध्ये ऑन्स्लो गावाने त्याची बरोबरी तेवढी केली. तिथून मार्लाच्या वाटेवर रस्ता खरवडणारे यंत्र भेटले. चालवणारा एकटाच माणूस. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत कुणी नाही, आणि तो आपला पाते लावून उंचवटे कापत होता. मी हात केला, त्याने टोपी हलवली. त्याच्या मागे काही किलोमीटर रस्ता असा गुळगुळीत होता, की गाडीत आमचेच आवाज आम्हाला मोठे वाटू लागले. तो आपल्या पुढे काय आहे ते कापत होता, आणि त्याच्या मागून येणाऱ्याला बोलता येत होते.

मार्लाला डांबरी रस्ता लागला. टायर नरम ठेवून डांबरावर धावता येत नाही. आता हवा भरायची. मुलाने छोटा पंप बॅटरीला जोडला. मी नळी धरली, तो आकडा पाहू लागला. पंपाची घरघर चालू होती, पण पन्हळीच्या मानाने ती म्हणजे मांजराचे गुरगुरणे.

“अर्ज मंजूर झाला की पासपोर्ट परत करावा लागेल ना?” मी विचारले.

त्याने आकड्यावरून नजर काढली नाही. “हो. ते त्याच्यावर रद्दचा शिक्का मारून परत देतात.”

“मग तो टाकू नकोस. मला पाठव.”

आता त्याने वर पाहिले. पुण्यात काढलेला तो पासपोर्ट. त्याच्या शेवटच्या पानावर बापाचे नाव होते, आईचे नाव होते आणि घरचा पत्ता होता. ते त्यालाही आठवले असावे. त्याने काही विचारले नाही.

“आणि इकडे घराभोवती पाणी साचतं म्हणालास ना,” मी म्हणालो, “उद्या घरी गेल्यावर मला जागा दाखव. उतार कसा काढायचा ते बघू.”

“चाळीस झाले, बाबा,” तो म्हणाला. “नळी काढा.”

पुढच्या वर्षी टपालाने पासपोर्ट आला. तो माझ्या कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवला आहे. बैठकीत गप्पा अजूनही रस्त्यावर येतात आणि खड्ड्यात जातात. मी हसतो आणि चहा पितो. पण कुणी गाडी जोरात पळवल्याचे कौतुक सांगू लागला, की हल्ली मी विचारतो, “रस्ता कच्चा होता का हो? आणि तुमच्यामागून कोण येत होतं?”